हक्क आधी की राज्यघटना आधी?

२०२५च्या सप्टेंबरात म्हैसूरचा दसरा न्यायालयात गेला. चामुंडी टेकडीवरच्या उद्घाटनासाठी कर्नाटक सरकारने लेखिका बानू मुश्ताक यांना बोलावले होते. त्याच वर्षी त्यांना आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले होते. म्हैसूरचे माजी खासदार प्रताप सिम्हा आणि इतर काही जण उच्च न्यायालयात गेले. देवीपुढे दीप लावणे, फुले वाहणे हा पूजेचाच भाग आहे, तो अन्य धर्माच्या व्यक्तीकडून करवला तर कलम २५ आणि २६ खालचे धर्मस्वातंत्र्याचे हक्क दुखावतात, असे त्यांचे म्हणणे होते. मुख्य न्यायमूर्ती विभू बाखरू आणि न्या. सी. एम. जोशी यांच्या खंडपीठाने १५ सप्टेंबरला याचिका फेटाळल्या. १९ तारखेला सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले आणि २२ला उद्घाटन ठरल्याप्रमाणे पार पडले.

मी राहतो त्या विजयनगर भागात त्या पंधरवड्यात उघड दोन तट पडले होते. दोन्ही बाजूंच्या बोलण्याचा क्रम मात्र एकच होता: आधी देवाचा दाखला, मग घटनेचा. देवाने दिलेला हक्क आणि घटनेने दिलेला हक्क हे दोन वेगळे आधार आहेत की एकाच गोष्टीची दोन टोके? न्यायालयात उभे राहिल्यावर यातला कोणता चालतो? आपल्याकडे हा वाद निदान दीडशे वर्षे चालू आहे आणि त्यातले अनेक महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्र आणि कर्नाटक याच दोन प्रांतांत घडले. त्यांचा हा आढावा.

घटनेच्या आधी

मराठीत ईश्वरदत्त हक्कांची सर्वांत स्पष्ट मांडणी जोतीराव फुल्यांची आहे. त्यांनी टॉमस पेन वाचला होता. पण १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी जे मांडले ते त्यांचे स्वतःचे आहे. निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना सारखे हक्क देऊन जन्माला घातले आहे, म्हणून कोणत्याही जातीला, राजाला किंवा ग्रंथाला ते काढून घेता येत नाहीत. इथे देव सत्तेच्या बाजूने नाही, सत्तेपुढे ढाल म्हणून उभा आहे.

टिळकांचा १९०८चा खटला दुसऱ्या प्रकारचा. ज्यूरीने राजद्रोहाचा ठपका ठेवल्यावर त्यांनी न्या. दावर यांच्यापुढे, माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य ठरवणारी न्यायालयाहून वरिष्ठ शक्ती आहे, अशा आशयाचे निवेदन केले. पाठोपाठ सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. ते निवेदन आज मुंबई उच्च न्यायालयाच्या भिंतीवर कोरलेले आहे. पण तो कायद्याचा युक्तिवाद नव्हता. त्यातून न्यायालयाकडे काही मागितलेले नव्हते, न्यायालयाची मर्यादा काय ती सांगितलेली होती. या दोन गोष्टी एक मानल्या की पुढची चर्चा भरकटते.

खरी कसोटी महाडची. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथे पाणी घेतले. डिसेंबरात महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यामुळे २५ डिसेंबरचा सत्याग्रह आंबेडकरांना थांबवावा लागला. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, आणि सर्व माणसे जन्मतःच समान आहेत असे सांगणारा हक्कांचा जाहीरनामाही संमत झाला. आंबेडकरांनी त्या भाषणात १७८९च्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण काढली होती.

पण दाव्यात यांपैकी काहीच उपयोगाचे नव्हते. दहा वर्षे झगडा चालला तो दोन रुक्ष मुद्द्यांवर: तळ्याची मालकी कुणाची, आणि अस्पृश्यांना पाणी न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे का. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयातले अपील १९३३ साली फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी, अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, एवढ्यावरच निकाल दिला. समतेबद्दल न्यायालय जवळजवळ काही बोलले नाही. वहिवाट सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न मोकळाच राहिला.

महाडचा निकाल मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. हक्क जन्माने येतो यावर आंबेडकरांची निष्ठा अढळ होती, पण कोर्टात त्यांनी पुरावा, मालकी आणि वहिवाटीचा कायदा यांवर लढा दिला. समोरच्यांची श्रद्धा देवाधर्माची होती. तीही कोर्टात वहिवाटीचे कपडे घालूनच आली होती. दोन्ही पक्ष आपापल्या श्रद्धेवर उभे असताना न्यायाधीशाने कुणाचे मान्य करायचे, याचे उत्तर त्या काळच्या कायद्यात नव्हते.

१७ ऑक्टोबर १९४९

घटना समितीत हा प्रश्न एकदा थेट मताला पडला. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती हरी विष्णू कामत यांनी मांडली. कामत मूळ मंगळूरचे, समितीवर मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले. पट्टम थाणू पिल्लै यांनी हरकत घेतली की यामुळे श्रद्धेची सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरूंना, जी गोष्ट प्रत्येकाच्या मनाची आहे ती सर्वांवर लादणे उद्देशिकेच्या मूळ भावनेशीच विसंगत वाटले. असा विषय मताला टाकू नये, दुरुस्ती मागे घ्यावी, अशी विनंती अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी केली. कामत ठाम राहिले. ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती पडली. हक्कांचा उगम ‘आम्ही भारताचे लोक’ इथेच राहिला.

याचा अर्थ घटनेने देवाला दार बंद केले असा होत नाही. तिसऱ्या परिशिष्टातली शपथ ईश्वराच्या नावाने घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. निवड माणसाची. वर्षभर आधी, १० डिसेंबर १९४८ला स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातही ईश्वराचा उल्लेख यावा असे प्रयत्न झाले होते आणि ते सोडून देण्यात आले. हक्क सर्व माणसांचे असतील तर ते एका श्रद्धेवर टेकवता येणार नाहीत, हा विचार दोन्हीकडे दिसतो. त्याविरुद्धचा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. लोकांनी दिलेला हक्क लोक परत घेऊ शकतात. मग आणीबाणीत माणसाने कशाला धरून राहायचे?

खन्नांचे दोन निकाल

हा आक्षेप पुस्तकी राहिला नाही. २६ जून १९७५ रोजी, संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला आलेले वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते यांना तिथेच अटक झाली. त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. अटकेच्या दुसऱ्याच दिवशी कलम ३५९ खाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि कलम १४, २१ आणि २२ साठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत कर्नाटक आणि मुंबईचे नागपूर खंडपीठही आले, अर्ज ऐकता येतात असे ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हाच एडीएम जबलपूर खटला. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, राम जेठमलानी, सोली सोराबजी यांच्यासोबत सासवडचे वि. म. तारकुंडेही उभे होते.

त्यांचा मुद्दा साधा होता. जगण्याचा हक्क कलम २१ मधून येत नाही. घटना नव्हती तेव्हाही राजसत्तेला कायद्याशिवाय कुणाला कोंडता येत नव्हते, आणि कलम २१ गोठवले तरी तो हक्क उरतोच. २८ एप्रिल १९७६ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. बहुमताने कलम २१ हेच या हक्काचे एकमेव निधान ठरवले. ते बंद, तर दारही बंद. चौघांत मूळचे पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात राहिले. पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला.

खन्ना नैसर्गिक हक्कांचे पुरस्कर्ते होते असा समज आहे. तो अर्धाच खरा. १९६७च्या गोलकनाथ निकालात सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी मूलभूत हक्क म्हणजे जुन्या नैसर्गिक हक्कांचेच आधुनिक रूप मानले होते. १९७३च्या केशवानंद भारती खटल्यात खन्नांनी उलटी भूमिका घेतली. घटनादुरुस्तीचा अधिकार नैसर्गिक किंवा मानवी हक्कांचा हवाला देऊन रोखता येत नाही, असे हक्क न्यायालयात बजावायचे तर ते कायद्यात किंवा घटनेत आलेले असले पाहिजेत, असे त्यांनी लिहिले. मग तीन वर्षांत त्यांनी मत बदलले का? मला तसे वाटत नाही. १९७६ साली त्यांनी देवाचा किंवा निसर्गाचा आधार घेतलाच नाही. कायद्याचे राज्य ही घटनेपूर्वीपासून चालत आलेली, न्यायालयात ओळखता येणारी गोष्ट आहे, हा त्यांचा आधार होता. देवाने दिलेला आणि संसदेने दिलेला, या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे हे त्यांनी दाखवले. या वादातले माझ्या लेखी सर्वांत मोलाचे काम तेच.

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ गोठवता येणार नाहीत असे ठरवले. न्यायालयाने स्वतःची चूक दुरुस्त केली ती २४ ऑगस्ट २०१७ला, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर. नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणाचा हक्क मान्य केला आणि एडीएम जबलपूर रद्दबातल ठरवला. जीवन आणि स्वातंत्र्य ही राज्याची किंवा घटनेची देणगी नाही, घटना त्यांना ओळखते एवढेच, असे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले, वडिलांच्या निकालाविरुद्ध. नागपूरचे न्या. शरद बोबडे यांनी एक बारीक भेद दाखवला. एकच हक्क सामान्य कायद्यातला आणि घटनेतलाही असू शकतो. आशय तोच राहतो, फरक पडतो तो हक्क पाळण्याचे बंधन कुणावर आहे आणि दाद कुठे मागायची यात. व्यवहारात हा भेद फार उपयोगी आहे आणि त्याची पुरेशी चर्चा मराठीत झालेली नाही.

धर्म काय सांगतो, हे कोण सांगणार?

इथवर देव हा सर्वांच्या हक्कांचा उगम म्हणून आला. दुसऱ्या धारेत माणूस म्हणतो, माझा धर्म मला अमुक सांगतो आणि ते पाळण्याचा मला हक्क आहे. कलम २५ ने हा हक्क घटनेतच आणला, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन. त्यामुळे देवाची आज्ञा काय आहे, हेच न्यायालयापुढे सिद्ध करायची वेळ येते.

याची सुरुवात उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात, १९५४ साली झाली. धर्माचा आवश्यक भाग कोणता ते त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणुकीवरून ठरवावे, असे न्या. मुखर्जी म्हणाले. १९५७ साली मुल्कीच्या व्यंकटरमण देवालयाचा खटला आला. गौड सारस्वतांचे हे देऊळ, आणि राज्यपुनर्रचनेमुळे प्रतिवादी म्हैसूर राज्य. न्यायालयाने देऊळ सर्व हिंदूंना खुले केले, पण काही विशिष्ट विधींच्या वेळी फक्त सारस्वतांचा हक्क राखला. कलम २५ आणि २६ या दोन्हींना जागा देणारा हा तोडगा आजही आदर्श म्हणून सांगितला जातो. पुढे न्या. गजेंद्रगडकरांनी १९६१च्या अजमेर दर्गा खटल्यात आणि १९६६ साली स्वामिनारायण सत्संगींच्या मंदिरप्रवेशाच्या निकालात कसोटी कडक केली. अंधश्रद्धेतून वाढलेल्या गोष्टींना संरक्षण नाही, ही त्यांची भूमिका. समर्थकांच्या मते त्याशिवाय देवळांची दारे उघडलीच नसती. टीकाकार विचारतात, श्रद्धा आणि अंधश्रद्धा निवडण्याचा अधिकार न्यायाधीशाला कुणी दिला?

१९६२चा बोहरा निकाल उलट दिशेचा आहे. मुंबईच्या १९४९च्या कायद्याने बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. बोहरांचे धर्मगुरू सय्यदना यांनी तिला आव्हान दिले आणि बहुमताने कायदा घटनाबाह्य ठरला. सरन्यायाधीश सिन्हा विरोधात होते. बहिष्कार माणसाची प्रतिष्ठा हिरावतो, ही त्यांची चिंता. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तरी १९६२चा निकाल त्याने पुसला जात नाही. २०२३ साली तो फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे गेला.

महाराष्ट्रातली अलीकडची प्रकरणे वेगळ्या वाटेने सुटली. १ एप्रिल २०१६ला मुंबई उच्च न्यायालयाने शनिशिंगणापूरच्या स्त्रीप्रवेशाबद्दल आवश्यक प्रथेच्या वादात न शिरता राज्याला १९५६च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण करून दिली. ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यापर्यंत स्त्रियांना जाता येईल असा निकाल झाला. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या कायद्याने संपले होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०१४ साल उजाडले. साने गुरुजींच्या १९४७च्या मंदिरप्रवेशाच्या उपोषणाने ज्या दारासाठी जीव पणाला लावला, त्या दाराचा कायदेशीर हिशेब सदुसष्ट वर्षे चालला.

दोन आधार एकाच याचिकेत किती ओढाताण करतात, ते कर्नाटकाच्या हिजाब प्रकरणात दिसले. उडुपीच्या विद्यार्थिनींनी कुराणाची आज्ञाही सांगितली आणि अभिव्यक्तीचे, खासगीपणाचे हक्कही मांडले. उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ला पहिल्या मुद्द्यावर, ही आवश्यक प्रथा नाही, असे ठरवले आणि गणवेशाचा नियम वाजवी मानला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश दोन बाजूंना गेले. न्या. हेमंत गुप्ता यांनी उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. न्या. सुधांशू धुलिया यांनी, आवश्यक प्रथेत शिरायची गरजच नव्हती, हा मुलींच्या निवडीचा आणि शिक्षणाचा प्रश्न आहे, असे मानले. धर्माज्ञेचा मुद्दा पुढे केला की खटला ग्रंथांच्या अर्थात अडकतो, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्यातून दिसले असेल.

कधीकधी ग्रंथ आणि कायदा समोरासमोर उभे राहतात. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ला सल्लेखनेला, म्हणजे जैनांच्या आमरण उपवासाच्या व्रताला, आत्महत्या ठरवले. महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. श्रवणबेळगोळ म्हैसूरहून दूर नाही, आणि आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली कुंथलगिरीला याच व्रताने देह ठेवला होता. कोल्हापूर-सांगलीच्या जैन घरांत तो निकाल ऐकून किती अस्वस्थता आली असेल, हे समजण्यासारखे आहे.

देवाच्या स्वतःच्या हक्कांचा मुद्दाही आला. आपल्या कायद्यात मूर्ती मालमत्तेपुरती व्यक्ती मानली जाते. शबरीमलाच्या स्त्रीप्रवेशाच्या खटल्यात त्यापुढे जाऊन अय्यप्पांना मूलभूत हक्क आहेत असे मांडले गेले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी ते नाकारले.

जमीन

हक्काच्या उगमाचा हाच प्रश्न जमिनीबाबतही येतो. मी राहतो ते विजयनगर ही म्हैसूरच्या कडेची नियोजित वसाहत. हिनकलसारखी गावे तिला लागून आहेत आणि तिचे प्लॉट संपादित जमिनींवर पडले. मालमत्तेचा हक्क १९५० साली मूलभूत होता. ४४व्या दुरुस्तीने तो कलम ३००अ मध्ये साधा घटनात्मक हक्क केला. म्हणजे ज्या दुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही अभेद्य केला, तिनेच जमिनीचा हक्क एक पायरी खाली आणला. पण न्यायालयांनी त्याला दुसऱ्या दाराने वर घेतले. ठाणे भागातल्या निरक्षर शेतकऱ्यांच्या जमिनी १९६४ साली औद्योगिक विकासासाठी घेतल्या गेल्या आणि मोबदला मिळालाच नाही. तुकाराम काना जोशी विरुद्ध एमआयडीसी या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता हा केवळ घटनात्मक नव्हे तर मानवी हक्क आहे असे म्हटले, आणि उशिरा आले म्हणून त्यांना परत पाठवले नाही.

१९८५च्या ओल्गा टेलिस निकालाचा धागा इथे जुळतो. मुंबईच्या पदपथवासीयांनी उच्च न्यायालयात, पदपथावर राहण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असे कबूल केले होते. तरी सर्वोच्च न्यायालयात ते हक्क मांडू शकतात, कारण मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत, असे न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी ठरवले. माणसाला स्वतःलाही जो टाकता येत नाही तो हक्क राज्याने दिलेला कसा, असा प्रश्न इथे पडतो. १९७६च्या बहुमतात बसलेल्या न्यायाधीशाच्याच हातून तो उभा राहिला, हे विसरता येत नाही.

न सुटलेले

पहिले, शबरीमलाच्या फेरविचारातून नऊ न्यायाधीशांच्या पीठाने फेब्रुवारी २०२०मध्ये सात प्रश्न निश्चित केले. कलम २५ आणि २६ यांचा परस्परसंबंध काय, घटनात्मक नीतिमत्ता म्हणजे काय, धार्मिक प्रथेची छाननी न्यायालयाने किती करावी, आणि त्या धर्माबाहेरच्या माणसाला जनहित याचिकेतून ती आव्हानता येते का, हे त्यांतले मुख्य. म्हैसूरच्या दसऱ्यासारखे प्रत्येक प्रकरण याच प्रश्नांच्या कडेने जाते.

दुसरे, पुट्टस्वामी निकालाने हक्क घटनेआधीचे आहेत हे मान्य केले, पण घटनेत ज्याचा मागमूस नाही असा हक्क केवळ जन्मसिद्ध म्हणून मागता येईल का, ते सांगितले नाही. खन्नांची १९७३ची अट अजून जागेवर आहे. तालुक्याच्या न्यायालयात हा फरक फार बोचतो. कलम २२६चे, म्हणजे उच्च न्यायालयाचे रिट अधिकार तिथल्या न्यायाधीशाला नाहीत. जन्मसिद्ध हक्काची गोष्ट करणाऱ्या पक्षकाराला तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, एवढेच विचारू शकतो. महाडच्या वकिलांनी ते उत्तर तयार ठेवले होते. आज असा हक्क सांगत येणारे बरेच जण ते न घेता येतात आणि गुणदोषांवर सुनावणी होण्याआधीच बाहेर पडतात.

आणि तिसरे, मुंबई उच्च न्यायालयाचा १९५१चा नरसू आप्पा माळी निकाल. द्विभार्याप्रतिबंधक कायदा कायम ठेवताना न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी म्हटले की धर्मावर आधारलेला वैयक्तिक कायदा कलम १३ मधल्या ‘कायद्या’त मोडत नाही, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीला तो लावता येत नाही. वारसा, विवाह, घटस्फोट यांतला मोठा भाग त्यामुळे घटनेच्या आवाक्याबाहेर राहिला. २२ ऑगस्ट २०१७च्या तिहेरी तलाक निकालात बहुमताने या मुद्द्याचा निकाल लावला नाही. २०१८ साली शबरीमलात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी माळी निकालाशी जाहीर असहमती नोंदवली. पण ते एका न्यायाधीशाचे मत झाले, आणि मुंबईच्या दोन न्यायाधीशांनी आखलेली रेघ त्याने पुसली गेली नाही.